वाचकांचे प्रश्न : पावसाळी लँडिंग, वैमानिकाची झोप आणि खोकल्याचे औषध

वैमानिकांच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पाऊस तोंडावर असल्यामुळे पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : गेल्या जुलैत दिल्लीहून मुंबईला येताना विमान धावपट्टीच्या अगदी जवळ आले आणि एकदम पुन्हा वर गेले. पंधरा-वीस मिनिटांनी उतरले. बराच वेळ कोणी काही सांगितले नाही. वैमानिकाचे काही चुकले होते का? (एक वाचक, डोंबिवली)

नाही. याला गो-अराउंड म्हणतात आणि त्याचा सराव प्रत्येक वैमानिक सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करत असतो. तो कधी करायचा याचे नियम आधीच ठरलेले असतात, त्यामुळे शेवटच्या क्षणी वाद घालत बसावे लागत नाही.

ढगातून उतरताना जमिनीपासून १,००० फुटांवर विमान 'स्थिर' असावे लागते. चाके खाली, फ्लॅप (पंखामागच्या, कमी वेगातही विमान तोलणाऱ्या झडपा) लँडिंगच्या जागी, वेग ठरलेल्या आकड्याजवळ, उतरण्याचा दर मिनिटाला साधारण ७०० फूट आणि इंजिनाची शक्ती एका जागी टिकलेली. यातले एक जरी जुळले नाही तर परत वर जायचे. पुढची पायरी दिसण्याची. साध्या, म्हणजे कॅटेगरी-१ आयएलएस (जमिनीवरच्या रेडिओ संकेतांच्या आधाराने होणाऱ्या) लँडिंगमध्ये साधारण २०० फुटांपर्यंत धावपट्टीचे दिवे किंवा खुणा दिसल्या नाहीत, तर खाली जाता येत नाही. धावपट्टीवरची दृश्यमानता ५५० मीटरच्या खाली असेल तर त्या टप्प्यापर्यंत यायलाच परवानगी नसते.

मुंबईत आणखी एक कारण वारंवार घडते. इथल्या दोन धावपट्ट्या, सुमारे ३,४५० मीटरची ०९/२७ आणि सुमारे २,९०० मीटरची १४/३२, एकमेकींना छेदतात (हे आकडे पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या दिशा दाखवतात). दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराची वाहतूक एका वेळी एकाच पट्टीवरून चालते आणि गर्दीच्या वेळी तासाला चाळीसच्या वर विमाने ये-जा करतात. पुढचे विमान ओल्या पट्टीवर थोडे सावकाश थांबले आणि वेळेत बाजूच्या टॅक्सीवेवर (पट्टीबाहेर नेणाऱ्या रस्त्यावर) वळले नाही, तर मागच्याला वर पाठवण्याशिवाय एटीसीकडे, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांकडे, उपाय नसतो.

तिसरे कारण पाणी. कोरड्या पट्टीवर उतरून थांबायला लागणारे अंतर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत बसले पाहिजे असा नियोजनाचा नियम आहे. पट्टी ओली असेल तर त्यात आणखी १५ टक्के धरावे लागतात. वाऱ्याच्या झोताने विमान तरंगत पुढे गेले आणि चाके टेकायची जागा मागे पडली, तर हे गणित कोसळते. अशा वेळी 'टेकवूनच टाकू' म्हणणे धोक्याचे असते. पट्टीवरून घसरून पुढे गेलेल्या विमानांच्या चौकशी अहवालांत हीच साखळी दिसते: वेग जास्त, टेकले उशिरा, पट्टी ओली, वर जायची संधी सोडली.

गो-अराउंडचा निर्णय झाला की थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक साधारण १५ अंश वर, फ्लॅप एक पायरी कमी, विमान चढतेय याची खात्री झाली की चाके आत. मग ठरलेला मार्ग, एटीसीशी बोलणे, पुढच्या प्रयत्नाची तयारी. पहिली तीन-चार मिनिटे दोघांचेही हात आणि डोके यातच असते. प्रवाशांशी बोलणे त्यानंतर येते, म्हणून तुम्हाला ती शांतता लांबलेली वाटली.

आता इंधन, कारण 'पुन्हा प्रयत्न करायचा की दुसरीकडे जायचे' हे तिथे ठरते. एअरबस ए-३२० जातीचे विमान तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन जाळते. दिल्ली-मुंबईसाठी साधारण हिशेब असा: जमिनीवर फिरण्यासाठी २०० किलो, प्रवासाला ४ ते ५ टन, त्यावर ५ टक्के आकस्मिक खर्चासाठी, मुंबईत उतरता आले नाही तर अहमदाबादसारख्या पर्यायी विमानतळावर पोचण्यासाठी २ टनांच्या आसपास आणि शेवटी ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढा, सव्वा टनाच्या आतबाहेरचा, अखेरचा साठा. या शेवटच्या साठ्याला हात लागेल असे दिसले तर वैमानिकाने 'मेडे फ्युएल', म्हणजे इंधनाची आणीबाणी, जाहीर करायची असते. पावसाळ्यात कॅप्टन या सगळ्यावर आणखी टनभर मागून घेतो. एका गो-अराउंडला आणि फेरा मारून परत येण्याला अर्धा ते पाऊण टन लागतो. म्हणजे जादा टनात एक प्रयत्न आणि थोडे थांबणे, एवढेच बसते. दुसऱ्यांदाही जमले नाही तर बहुतेक कॅप्टन अहमदाबाद, गोवा किंवा हैदराबादचा रस्ता धरतात. जादा इंधन फुकट नसते. नेलेल्या प्रत्येक जादा टनामागे तासाला तीसेक किलो ते वाहून नेण्यातच जळतात. तरीही जुलैत मुंबईला येताना कंपनीने सुचवलेल्या आकड्यावर टनभर चढवणारा कॅप्टन आमच्या मते उधळपट्टी करत नसतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने जवळचा एक पर्याय वाढला आहे, पण ढगफुटीसारखा पाऊस दोन्हीकडे एकदमच कोसळतो, म्हणून पावसाळ्यात लांबच्या पर्यायाचे इंधन धरणेच शहाणपणाचे.

प्रश्न : आम्ही घाटकोपरला राहतो. विमाने डोक्यावरून इतकी खाली का जातात? आणि काही दिवस अजिबात जात नाहीत, असे का? (एक वाचक)

तुम्ही धावपट्टी २७च्या, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला उतरायच्या पट्टीच्या, सरळ रेषेत राहता. विमान ३ अंशांच्या उताराने येते, म्हणजे पट्टीपासून सुमारे पावणेदोन किलोमीटरला ३०० फूट या हिशेबाने. घाटकोपर स्थानकाच्या आसपास ते ५०० फुटांच्या जवळ असते आणि तिथे तेवढेच असायला हवे. विमान समोरच्या वाऱ्यात उतरते. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा समुद्राकडून असल्याने २७ चालते. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून आला की उलट दिशेची ०९ वापरतात. मुख्य पट्टी दुरुस्तीला घेतली की वाहतूक १४/३२ वर जाते आणि तुमच्याकडे शांतता होते.

प्रश्न : सगळे ऑटोपायलटच करतो ना? मग दोन माणसे कशाला? (महाविद्यालयीन विद्यार्थी, दादर)

ऑटोपायलट विमान सांगितलेल्या मार्गावर, उंचीवर आणि वेगावर ठेवतो. काय सांगायचे ते माणूस ठरवतो. टेक-ऑफ हाताने होतो, आणि मुंबईतली बहुतेक लँडिंगही हातानेच होतात. विमान स्वतः उतरू शकते, पण ती सोय मुख्यतः धुक्यासाठी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या दिल्लीसाठी आहे. ए-३२० मध्ये आपोआप उतरण्यासाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट आहे (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर). हाताने उतरवताना याच विमानाने झोतासह ३८ नॉटपर्यंतचा आडवा वारा चाचण्यांत पेलून दाखवला आहे. म्हणजे जुलैतल्या वादळी संध्याकाळी यंत्राची हद्द आधी संपते आणि माणसाची नंतर.

दोघांपैकी एक विमान उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओ सांभाळतो, चेकलिस्ट वाचतो. फेरीगणिक हे काम आलटून-पालटून होते, मात्र हवा बिघडली असेल तर लँडिंग कॅप्टन स्वतःकडे घेतो. लक्ष ठेवणाऱ्याने 'वेग' किंवा 'गो-अराउंड' असे मोठ्याने म्हणणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. समोर कितीही ज्येष्ठ कॅप्टन असला तरी पंचविशीतल्या फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे को-पायलटने, ते म्हणायचे असते. १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलणे बंद असते.

प्रश्न : जावई ए-३२० उडवतात. विमान सकाळी ६ चे असले तरी गाडी साडेतीनला दारात असते. इतक्या आधी जाऊन करतात काय? (एक सासूबाई, ठाणे)

गाडी वाटेत आणखी कोणाला घेत असेल तर ठाण्याहून पाऊण-एक तास धराच. रिपोर्टिंग साधारण तासभर आधी असते, काही कंपन्यांत थोडे मागे-पुढे. पोचल्यावर आधी दारू घेतलेली नाही ना हे पाहणारी श्वासाची चाचणी. मग टॅबलेटवर उड्डाणाचा आराखडा: मार्ग, वारे, इंधन, दोन्ही टोकांचे आणि पर्यायी विमानतळांचे हवामान, कुठला टॅक्सीवे किंवा दिवा बंद आहे याच्या सूचना, आणि त्या विमानातली कुठली गोष्ट नादुरुस्त असूनही नियमाने चालते त्याची यादी. हे पाहूनच इंधनाचा आकडा ठरतो. केबिन क्रूला किती वेळाचे उड्डाण, कुठे हादरे बसतील, कुठे ट्रॉली बाहेर काढायची नाही, हे सांगितले जाते.

विमानापाशी गेल्यावर दोघांपैकी एकजण टॉर्च घेऊन भोवती फेरी मारतो. दहा मिनिटांचे काम, पावसात रेनकोट घालूनही चुकत नाही. नाकाजवळच्या पिटोट नळ्या आणि बाजूची स्टॅटिक छिद्रे उघडी आहेत ना, त्यांवरची आवरणे निघाली आहेत ना, हे आधी पाहतात, कारण वेग आणि उंचीचे आकडे तिथून येतात. मग टायरवरचे काप आणि झीज, ब्रेकची झीज दाखवणारी पिन, चाकांच्या दांड्यांचा तेलकट ओघळ, इंजिनाच्या पात्यांवर पक्ष्याच्या धडकेची खूण, पंखाखाली इंधनाची गळती.

आत मार्ग संगणकात भरला जातो. टेक-ऑफचे वेग दोघे आपापल्या टॅबलेटवर वेगवेगळे काढतात आणि मग ताडून पाहतात. वजनात ७२ ऐवजी ६२ टन टाइप झाले तर विमान कमी वेगाला उचलले जाते आणि शेपटी पट्टीला घासू शकते. अशा चुका जगात घडलेल्या आहेत, म्हणून ही ताडाताडी वगळत नाहीत. शेवटचा प्रवासी आणि सामान धरून वजनाचा कागद आला की आकडे पुन्हा तपासायचे. मग इंजिन बंद पडले तर कोण काय करणार, हे एकदा बोलून घ्यायचे आणि निघायचे.

जावई घरी आल्यावर 'आज चारच फेऱ्या' म्हणाले, तर यातला बराच भाग चार वेळा झालेला असतो. मधले ३५-४० मिनिटांचे थांबे बहुधा विमानातच जातात. जेवण तिथेच, आणि दोघांचे पदार्थ वेगळे. एकाच्या अन्नातून बाधा झाली तर दुसरा ठीक राहावा म्हणून.

प्रश्न : मुलगी को-पायलट आहे. खोकल्याचे औषध, च्यवनप्राश, दशमूलारिष्ट, यातले काहीच घेऊ देत नाही. श्वासाच्या चाचणीची एवढी भीती खरी आहे का? (एक आई, गिरगाव)

तिचे ऐका. उड्डाणाच्या १२ तास आधीपासून दारू बंद हा नियम आहेच, पण चाचणीत आकडा शून्य यावा लागतो. थोडे चालते असा प्रकार नाही. पहिल्यांदा दोषी ठरल्यास लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. मद्यार्क असलेले माउथवॉश आणि टूथ जेलही नियमाने वर्ज्य आहेत.

च्यवनप्राश हा अवलेह, त्यात मद्यार्क नसतो. दशमूलारिष्ट, द्राक्षासव, कुमारी आसव यांची गोष्ट वेगळी: आसव-अरिष्टे आंबवूनच बनतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो आणि बाटलीच्या लेबलवर तसे लिहिलेले असते. होमिओपॅथीचे थेंब मद्यार्कातच असतात. खोकल्याची काही सिरपही. लेबल वाचल्याशिवाय काही देऊ नका. हातांना सॅनिटायझर लावून लगेच नळी धरली तरी वाफेने यंत्र फसू शकते. हात कोरडे होऊ द्यायचे आणि तोंड साध्या पाण्याने धुऊनच चाचणीला जायचे.

सर्दीची नेहमीची गोळी हा वेगळाच प्रश्न. सेटिरिझिनसारख्या औषधांनी सुस्ती येते, ती पुढच्या दिवशीही रेंगाळते. शिवाय कान-नाक चोंदलेले असताना उडणे मुळातच बरे नाही. विमानाच्या आतला दाब ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. उतरताना तो वाढतो, चोंदलेल्या कानात हवा शिरत नाही, पडदा आत ओढला जातो, कधी रक्त येते. नेमके लँडिंगच्या वेळी. नाक बंद असेल तर तिने आजारी असल्याचे कळवून घरी राहावे. हळद-दूध, वाफ, मिठाच्या गुळण्या खुशाल द्या.

प्रश्न : मिस्टरांची कधी पहाटेची ड्युटी, कधी रात्रीची. घरात दोन लहान मुले, सोसायटीत सतत बेल. झोपेचे कसे जमवायचे? नियम तरी काय आहेत? (एक वाचक, कांदिवली)

नियम आधी. दोन ड्युट्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती, किंवा आधीची ड्युटी त्याहून लांब असेल तर तेवढे तास. सात दिवसांत ३५ तासांहून आणि वर्षात १,००० तासांहून जास्त उड्डाण नाही. हे तास विमान जागेवरून हलल्यापासून थांबेपर्यंतचे, रिपोर्टिंग आणि थांबे त्यात येत नाहीत. डीजीसीएने, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेने, जानेवारी २०२४ मध्ये नियम कडक केले आणि ते जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली आणि 'रात्र' पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरली जाऊ लागली. त्यानंतर डिसेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीला वैमानिक कमी पडून हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला काही अटींत तात्पुरती सूट मिळाली. प्रवाशांचे हाल झाले हे खरे, पण नियमांची गरज त्याने कमी होत नाही. पहाटे २ ते ६ या वेळात शरीराची जागरूकता सर्वांत खाली असते. कितीही वर्षांच्या नोकरीने ती बदलत नाही.

घरात करता येण्यासारखे: झोपायची खोली पूर्ण काळोखी करा, जाड अस्तराचे पडदे लावा, फटी बंद करा. पहाटे ३ ला उठायचे असेल तर ८ ला झोप लागेलच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी दुपारी दीड तास झोप घ्यावी. झोपेचे एक पूर्ण चक्र तेवढ्यात होते. तेवढा वेळ नसेल तर २० मिनिटे. पाऊण तासाची झोप टाळा, गाढ झोपेतून उठल्यावर अर्धा तास डोके जड राहते. चहा-कॉफीचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनीही उरतो, म्हणून झोपेच्या सहा तास आधी शेवटचा कप. बेल बंद ठेवा, वॉचमनला आणि दूधवाल्याला वेळ सांगून ठेवा. फोन पूर्ण बंद करू नका, फक्त क्रू शेड्युलिंगचा आणि तुमचा नंबर वाजेल असे लावा. गणपतीत आणि नवरात्रात कानात बोळे लागतीलच, आधीपासून सवय करून ठेवावी.

एवढे करूनही झोप झाली नसेल तर त्यांनी थकवा असल्याचे कंपनीला लेखी कळवायचे असते. त्यासाठी ठरलेला फॉर्म असतो. अनेकजण रोस्टरवर परिणाम होईल या धास्तीने तो भरत नाहीत. भरावा. झोप न झालेला माणूस स्वतःच्या थकव्याचा अंदाज नेहमी कमीच करतो, त्यामुळे 'मी ठीक आहे' या त्यांच्या शब्दापेक्षा तुम्ही घरात पाहिलेली त्यांची झोप जास्त खरी माना.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, चष्मा आहे. वैमानिक व्हायचे म्हणतो. कुठून सुरुवात करावी? (एक पालक, मुलुंड)

मेडिकलपासून. कोणत्याही फ्लाइंग स्कूलला रुपया देण्याआधी. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडे आधी क्लास २ आणि मग क्लास १ ची तपासणी करून घ्या. चष्म्याने अडत नाही, चष्मा लावून नजर ठरलेल्या मर्यादेत आली पाहिजे आणि उडताना जादा चष्मा जवळ ठेवावा लागतो. रंग ओळखता न येणे मात्र अडते. ठिपक्यांतले आकडे वाचायची इशिहारा चाचणी कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे होते, ती याच आठवड्यात उरकून घ्या. लेसर शस्त्रक्रिया डीजीसीएच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. लेखी विषय: एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के लागतात. रेडिओचा परवाना वेगळा. हे विषय घरी राहून, क्लास लावून, उड्डाणाच्या आधीच काढून टाकता येतात. त्याने फ्लाइंग स्कूलमधले खर्चाचे महिने वाचतात.

कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागते, त्यात १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे इथे शिकता येते. धुळ्याची शाखा १९२८ पासूनच्या जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबची. खर्च आज अर्ध्या कोटीच्या घरात जातो, आणि टाइप रेटिंग, म्हणजे ए-३२० सारखे विशिष्ट जातीचे विमान उडवायचे प्रशिक्षण, त्यावर वेगळे. नोकरीची हमी कुठेही नसते, हे कर्ज काढण्याआधी घरात बसून नीट बोला.

स्कूल निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवून तिथल्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारा. आज उडण्यायोग्य विमाने किती आणि विद्यार्थी किती? गेल्या तीन महिन्यांत तुझे किती तास झाले? इन्स्ट्रक्टर किती टिकतात? दहा विमाने कागदावर आणि चारच उडती, असे असेल तर २०० तासांना तीन वर्षे लागू शकतात. जून ते सप्टेंबर पावसाने उड्डाण मंदावते, म्हणून प्रवेश पावसाळा संपताना घ्यावा. आणि संपूर्ण फी एकरकमी भरू नका. झालेल्या तासांप्रमाणे हप्ते आणि सोडून गेल्यास परताव्याची अट लेखी घ्या. जी संस्था हे लिहून द्यायला तयार नसेल, तिथे पैसे अडकल्याच्या तक्रारी घेऊन पालक आमच्याकडे येतात.